अर्ध्यावर अडकलेला काटा

सुलतान बाजार, हैदराबाद
११ जानेवारी १९९५

विकास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो तूर्त माझ्याकडे राखून ठेवते. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे.

डिसेंबरात मी भाषणासाठी नांदेडला गेले होते, तेव्हा तू हुसेनसागरच्या धक्क्यावर कशाला आला होतास?

आला नव्हतो, असं लिहू नकोस. बोट चालवणाऱ्या दत्तोबांनी सांगितलं. आपण होऊन नाही, मी खोदून विचारलं तेव्हा. तू आमच्या 'गोदा' लाँचवर चढलास, मागच्या बाकाखाली वाकून पाहिलंस, इंजिनाशेजारी उतरून डिझेलच्या टाकीची उंची पट्टीने मोजलीस आणि चहासुद्धा न घेता निघून गेलास. चहा न घेणारा पाहुणा कामावर आलेला असतो, हे मी मिलच्या फाटकावर शिकले आहे.

आता काय घडलं ते ऐक. रविवारी 'गोदा' शाळेच्या मुली घेऊन पाण्यात गेली. मीही होते. सुकाणूपाशी डिझेलची डायल आहे, तिचा काटा अर्ध्यावर होता. तळ्याच्या मध्यावर इंजिन गचके देऊन बंद पडलं. दत्तोबांनी नळी तपासली, गाळणी तपासली. टाकी कोरडी ठाक! आणि काटा मात्र निवांत अर्ध्यावर बसलेला. टाकीच्या तोंडाची नळी वाकडी आहे, काठी आत जात नाही, म्हणून आमची सगळी भिस्त त्या काट्यावर. मुली आधी हसत होत्या. बोट वाऱ्याने फिरायला लागली तशा गप्प झाल्या. एक रडायला लागली.

तेवढ्यात तुझ्या कंपनीची पांढरी शुभ्र फायबरची बोट हजर! इतक्या लवकर? कुणी बोलावली होती? त्यांनी दोर फेकला आणि आम्हाला धक्क्यापर्यंत ओढत नेलं, काठावरची सगळी माणसं बघत असताना. त्यांच्यातला एक पोरगा दत्तोबांना म्हणाला, "चाचा, अब इसको म्यूझियम में रखो." दत्तोबा दोर गुंडाळत राहिले. मी बोलले. काय बोलले ते तुझ्या कानावर आलंच असेल.

धक्क्यावर तपासणीचे साहेब उभे होते. त्यांनी जागच्या जागी बजावलं: फेब्रुवारीच्या तपासणीत डिझेलचा काटा बरोबर चालला पाहिजे. नाही चालला तर 'गोदा'चा परवाना संपला आणि धक्क्यावरची जागा दुसऱ्याला. हा दुसरा कोण, ते मी सांगावं का तुला? जागेसाठी अर्ज एकाच कंपनीचा आहे.

मिल बंद पडली तेव्हा ही सहा माणसं माझ्याकडे आली होती. सरकारी लिलावातली जुनी लाकडी लाँच घेऊन आम्ही सोसायटी उभी केली. दिल्लीने दारं सताड उघडली आहेत, वारा येणारच, हे मला कळतं. पण त्या वाऱ्याबरोबर माझाच मुलगा दाराची कडी काढायला येईल, असं वाटलं नव्हतं.

काटा नोव्हेंबरात ठीक होता. डिसेंबरात तू आलास. जानेवारीत तो अडकला. तू हुशार आहेस, बेरीज तूच कर.

पद्मावती


१९ जानेवारी

विकास,

उत्तर नाही. उत्तराऐवजी पार्सल. हेही एक उत्तरच म्हणायचं.

दत्तोबांनी माझ्यासमोर उघडलं. आत टाकीत बसवायचं, डायलला डिझेलची पातळी कळवणारं टँक युनिट: वर गोल झाकण, खाली लांब दांडी, दांडीच्या टोकाला काळा फ्लोट. आणि वेगळ्या डबीत एक चकचकीत डायल. दोन्हींवर अमेरिकेचं नाव. सोबत चिठ्ठी नाही. आईला चार ओळी लिहिण्याइतकी शाई तुझ्या कुकटपल्लीत मिळत नसावी.

मी म्हटलं, "आपली डायल चांगली आहे. ही दुसरी कशाला?"

दत्तोबा म्हणाले, "अक्का, विकासबाबूनं फोनवर सांगितलंय. दोन्ही चीजा सोबतच लावा म्हणून."

म्हणजे तुम्ही फोनवर बोलता! मला पत्राचं उत्तर नाही, पण कोपऱ्यावरच्या बूथमधून दत्तोबांशी गप्पा. किती दिवस चाललंय हे? मी दत्तोबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बारा-पंधरा वर्षं माझ्या शब्दाला उभा राहिलेला माणूस माझ्याशी नजर चोरत होता.

"हौ अक्का, बोलतो कधी कधी. लेकरू आहे. विचारतं कसं काय म्हणून."

"काय विचारतं?"

"बोट कशी आहे. अन् तुमचा खोकला."

माझा खोकला ही काही कंपनीला लागणारी माहिती नाही, म्हणून तो मुद्दा सोडते. मुद्दा डायलचा आहे. जिथे एक वस्तू पुरते तिथे दोन गळ्यात मारायच्या, हीच या व्यापाराची सगळी कला. आधी यंत्र देतात, मग त्याच्याच पट्ट्या, त्याचेच खिळे, त्याचंच तेल. देशोदेशी हेच झालेलं आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकते. बिघाड टाकीतल्या युनिटमध्ये आहे. युनिट मी घेते, कारण तसं हैदराबादेत दुसरीकडे मिळालं नाही. राणीगंजच्या सगळ्या दुकानांत आमच्या सोसायटीचे हिम्मतराव फिरून आले. डायल मी घेणार नाही.

आता अडचण टाकीपर्यंत पोचायची. टाकी मागच्या फळ्यांखाली बंद, इंजिनाकडून फक्त तिची एक बाजू दिसते. हिम्मतराव करवत घेऊन आले, म्हणाले, फळ्या कापू. मी थांबवलं. कापलेली फळी पुन्हा सांधली तरी तपासणीवाला बोट ठेवेल, "ये क्या है?" म्हणून. तेव्हा दत्तोबा खाली मान घालून म्हणाले, "बाकाखाली झाकण असंल, असं विकासबाबू म्हणत होता."

तुला बरं माहीत! आम्हाला नाही माहीत आणि तुला माहीत!

पण झाकण निघालं. ते का दिसत नव्हतं, ते सांगते. दर खंडेनवमीला आमची माणसं बोटीला नवा ऑइलपेंट देतात. पूजेला माझा विरोध, म्हणून माझ्यापुरती पूजेची जागा रंगाने घेतली. हार नाही, नारळ नाही, निदान रंगाचा एक हात तरी. जुना रंग खरवडायचा नाही, देवाचं काम खरवडत नाहीत. अशा थरांवर थर बसून झाकणाची फट बुजली, स्क्रूंची डोकी बुजली. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. आम्ही पत्र्याच्या पट्टीने सगळं खरवडून काढलं. त्या नादात हिम्मतराव म्हणाले, "अक्का, नारळ फोडू दिला असता तर झाकण मोकळं राहिलं असतं." सगळे हसले. मी हसले नाही.

पद्मावती


२८ जानेवारी

विकास,

युनिट बसवलं. तुझ्याकडे खबर पोचलीच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. दुसऱ्यांच्या तोंडी मी नेहमीच वेगळी दिसते.

आधी बॅटरीची तार काढली. बिड्या विझवायला लावल्या आणि डब्यात घालून डबा धक्क्यावर ठेवला. झाकण उघडल्यावर डिझेलचा असा वास सुटला की माझा खोकला पुन्हा उसळला. हे कुणालाही फोनवर कळवू नये, असं मी सांगितलं आहे. जुनं युनिट बाहेर काढलं. त्याची दांडी सांध्यात गंजून अर्ध्यावरच घट्ट बसली होती. टाकी भरा की ओता, ती आपली अर्ध्यावर.

गंज खरा होता. तो एका महिन्यात चढत नाही, असं दत्तोबांचं म्हणणं. मी ऐकून घेतलं. गंजाला कुणी मदत केली नसेलच, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

नवं युनिट भोकात एकाच बाजूने बसतं, स्क्रूंची भोकं सारख्या अंतरावर नसतात. दत्तोबांनी झाकणाखालचं जुनं बुचाचं पॅकिंग खरवडलं, नवा गॅस्केट घातला, स्क्रू आळीपाळीने आवळले. दांडी तळाला टेकत नाही आणि वर अडकत नाही. टाकीच्या उंचीला अगदी बेतून घेतल्यासारखी. तार जोडली आणि संध्याकाळ झाली. डिझेल पुढच्या आठवड्यात भरायचं ठरलं.

मधल्या सव्वीस तारखेबद्दल. आमच्या सभेत परदेशी मालाची होळी झाली, हे तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. बायकांनी साबण टाकले, पोरांनी थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं टाकली. सभा मी पेटवली होती, आणि मग कुणीतरी ओरडलं, "अक्का, तुम्ही काय टाकणार?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या घरात परदेशी वस्तू असतेच कुठे? तू पहिल्या पगाराची साडी आणली होतीस, ती तर मी तेव्हाच परत केली. पिशवीत हात घातला. पिशवीत एकच वस्तू तशी होती.

एवढं सांगते की डायल तुला परत पाठवायची सोय आता राहिलेली नाही. तिचा योग्य विनियोग झाला. टाळ्या पुष्कळ पडल्या.

पद्मावती


५ फेब्रुवारी

श्री. विकास यांस,

वा! मानलं तुम्हाला.

आज टाकी काठोकाठ भरली. बॅटरी जोडली. दत्तोबांनी चावी फिरवली आणि डायलचा काटा सरकत सरकत रिकाम्याच्या खुणेकडे जाऊन बसला. टाकी भरलेली, काटा म्हणतो रिकामी! तारा पुन्हा आवळल्या. काटा तिथेच. मग बोटीने चार फेऱ्या मारल्या, डिझेल खर्च झालं आणि काटा वर चढायला लागला. जसजसं डिझेल कमी, तसतसा काटा भरलेल्याकडे! असला चमत्कार मी फक्त अर्थसंकल्पाच्या भाषणात पाहिला आहे.

आता मला सगळं कळलं. पार्सल का आलं, चिठ्ठी का नव्हती, झाकण कुठे आहे हे तुला कसं माहीत. मोडका काटा निदान अडकलेला दिसला असता. हा काटा चालतो, हलतो, भरवसा देतो आणि उलटं सांगतो. तपासणीत 'गोदा' नापास व्हावी, याहून सफाईने कुणी काय केलं असतं? मी धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की हे माझ्या मुलाने केलेलं आहे. हिम्मतराव म्हणाले, "अक्का, असं बोलू नगा." दत्तोबा बोटीतून उतरले आणि घरी गेले. त्यांनी आजवर असं कधी केलं नव्हतं.

तपासणी आठ तारखेला आहे. या आणि बघा तुमचं काम.

पद्मावती


९ फेब्रुवारी

विकास,

मागचं पत्र तू जपून ठेवू नकोस.

सहा तारखेला दुपारी मी एकटीच बोटीवर गेले. म्हटलं, ज्या यंत्राने माझा घात केला ते बाहेर काढून बघू तरी. दत्तोबा सकाळपासून फिरकले नव्हते. बॅटरीची तार काढायची, स्क्रू उलटे फिरवायचे, एवढं बघून बघून आलं होतं. युनिट बाहेर काढून फडक्याने पुसलं, तारा तशाच जोडलेल्या ठेवल्या, झाकणाचं भोक ओल्या पोत्याने बंद केलं, सगळं हवेशीर झाल्यावर बॅटरी जोडली. आणि फ्लोट हाताने वर उचलला. काटा खाली गेला. फ्लोट खाली सोडला. काटा वर आला. अर्ध्यावर धरला, काटा अर्ध्यावर. पुन्हा पुन्हा केलं. एकदाही चुकला नाही.

आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांना ऐकत आले आहे. खोटं बोलणारा कुठेतरी घसरतो, एका सभेत एक आणि दुसऱ्या सभेत दुसरं. हा काटा घसरतच नव्हता. नेमाने, इमानाने उलटा चालत होता. घात करणाऱ्या वस्तूला इतकं इमान कुठून आलं?

निजामाच्या राज्यात माझी शाळा उर्दू होती, हे तुला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात मी शाळेचं पुस्तक घरच्या मराठी पुस्तकासारखं उघडलं आणि घरी येऊन रडले की मौलवींनी मला फाटकं पुस्तक दिलं, ह्याला सुरुवातच नाही. वडील हसले. त्यांनी पुस्तक फिरवून माझ्या हातात दिलं. बोटीत बसून, हातात तो डिझेलचा फ्लोट धरून, ते मला आठवलं. युनिट उजवीकडून वाचतं. आपली जुनी डायल डावीकडून. दोघांत कुणीच लबाड नाही. त्याच्या बाजूने वाचणारी डायल त्याच्याबरोबरच आली होती.

'दोन्ही चीजा सोबतच लावा.' दत्तोबांनी सांगितलं होतं. मी ते व्यापाराची युक्ती म्हणून ऐकलं. आणि ती डायल मी कुठे टाकली ते तू वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलंच असशील. माझी समजूत होती की हातातली वस्तू फोटोत नीट दिसत नाही.

दुपारीच दत्तोबांच्या घरी गेले. त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "चला." ते म्हणाले, "विकासबाबूला काय सांगू?" मी म्हटलं, "मी सांगते." अजून सांगितलं नाही. हे सांगणं चालू आहे.

काल तपासणी झाली. आदल्या दिवशी हिम्मतरावांनी तोडगा काढला होता, "अक्का, टाकी रिकामी ठिवू. काटा फुल्लवर. साहेब खूश."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. सरकार बी असंच दाखवतंय की."

मी लगेच नाही म्हटलं नाही. सहा घरांची चूल होती. रात्रभर मनात धरून ठेवलं आणि सकाळी टाकी भरून घेतली. साहेब आले, डायलकडे पाहिलं, टाकीच्या नळीचं झाकण काढलं, डिझेल तोंडाशी आलेलं. म्हणाले, "अम्मा, ये उल्टा है." मी सगळं समजावलं. म्हटलं, आमची सहाही माणसं शहाणी आहेत, उलटं वाचायला शिकतील. खुणा बदलून रंगवू. चांगलं बोलले, मला माझ्या बोलण्याची पारख आहे.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "दत्तोबा कल बीमार पडा, दूसरा कोई चलाया. उसको कौन बोलेगा? बच्चों को बिठा के ले गया, तो?"

रविवारच्या त्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. 

त्यांनी वीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. युनिटच्या जोडीची डायल पाहिजे. हैदराबादेत ती फक्त तुझ्याकडे मिळते. पाठवू नकोस. फुकटात आलेल्या पहिल्या डायलचं मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी येते.

आई


१८ फेब्रुवारी

विकास,

काल तुझ्या कंपनीच्या दुकानात आपण गिऱ्हाईक आणि विक्रेता म्हणून बोललो. तू 'बोला मॅडम' म्हणालास, मी 'डायल दाखवा' म्हटलं. तुझ्या शेजारच्या मुलीने मला ओळखलं. तिने फोटो असलेला तो अंक टेबलाखाली सरकवला, मला दिसू नये म्हणून. मला दिसला. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

तू डबी पुढे ठेवलीस आणि मान वर न करता विचारलंस, "ही लावायची आहे की जाळायची?"

माझ्या आयुष्यात किती सभांत किती लोकांनी मला टोमणे मारले, एकालाही मी परत जाऊ दिलं नाही. काल तुझा जाऊ दिला. मग तूच हसलास, आणि त्या मुलीला वाटलं आता भांडण होणार, म्हणून ती पाणी आणायला गेली. हे तू कुणाकडून शिकलास? माझ्याकडून शिकला नसशील, मी पाठीमागून वार करत नाही. पण समोरून करायचं शिकला असशील.

बिल करताना तू म्हणालास, "बोटीच्या नावे करतो, तुझं नाव नको यायला." तेव्हा मात्र तू मला 'तू' म्हणालास. मी म्हटलं, "माझ्या नावे कर. पूर्ण नाव लिही." तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं हा माझा आणखी एक हट्ट. तसं समज. मी जाळलं ते माझ्या नावाने जाळलं. घेतलंही माझ्याच नावाने पाहिजे.

आज डायल बसवली. टाकी भरली तसा काटा भरलेल्याकडे गेला, इतक्या साधेपणाने की हिम्मतराव म्हणाले, "एवढंच होतं व्हय?" साहेब येऊन बघून गेले. परवाना पक्का. धक्क्यावरची जागा 'गोदा'चीच राहिली, म्हणजे तुझ्या कंपनीचा अर्ज पडला. यावर तुझे वरिष्ठ तुला काय बोलले असतील, याचा विचार मी आज पहिल्यांदा केला. दत्तोबा म्हणतात, डिसेंबरात टाकी मोजून मापाच्या दांडीचं युनिट निवडून पाठवलंस ते तुला वरिष्ठांना न विचारता करावं लागलं असणार. मी तुला विचारणार नाही. तू खरं सांगितलंस तर मला त्रास होईल, खोटं सांगितलंस तर मला कळेल.

माझी मतं बदललेली नाहीत, हे स्वच्छ लिहिते. दारं अशी उघडू नयेत. मिल बंद पडू देणाऱ्यांना मी क्षमा करणार नाही आणि तुझ्या कंपनीला धक्का मिळू नये यासाठी पुन्हा भांडेन. भांडताना आधी बघेन की हातात काय आहे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी हिमायतनगरच्या हॉलमध्ये माझं भाषण आहे. विषय तोच. त्यात मी सांगणार आहे की सव्वीस जानेवारीला मी टाळ्यांसाठी एक वस्तू जाळली, ती काय होती हे मला माहीत नव्हतं, आणि धक्क्यावर मी माझ्या मुलाचं नाव घेतलं ते खोटं होतं. लोकांना ते आवडणार नाही. हिम्मतराव म्हणतात, "अक्का, एवढं कायकू?" पण त्या दिवशी बोट बंद ठेवून सगळे येणार आहेत.

तू येणार असलास तर ये. पण मागे बस. तू समोर दिसलास की माझा आवाज चढतो, आणि एवढी दोन वाक्यं मला सावकाश म्हणायची आहेत.

आई